वरातीचा वेग

वरात या प्रकाराची मला लहानपणापासून शिसारी आहे. झाशीत राहून ती शिसारी बाळगणं म्हणजे नदीत उभं राहून ओलं व्हायला नकार देण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. महाराष्ट्रात म्हणे लग्न लागल्यावर वरात निघते. इथे ती आधी निघते, आणि पोचायची तिला काडीचीही घाई नसते. पुढे छातीत धडधडणारा डीजे, मागे जनरेटर ओढणारी गाडी, दोन्ही बाजूंना डोक्यावर विजेची झुंबरं घेऊन चालणाऱ्या बायका, वायरीने एकमेकींना बांधलेल्या. मधोमध घामेजलेले काका-मामे एकमेकांच्या अंगावर पडत नाचतात, तोंडात नोट धरून ढोलवाल्याला झुलवतात, आणि त्यांच्यामागे अख्खा रस्ता खोळंबतो. गुटख्याचा वास, डिझेलचा वास, घोडीची लीद आणि तीत चिरडलेला झेंडू. आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांतसुद्धा आता हे हौसेनं करतात. पणजोबा पूजा सांगायला इकडे आले आणि पणतू घोडीवर बसून पिपाणीच्या तालावर खांदे उडवतात. मी अशा लग्नांना जेवणाच्या वेळी जातो, अहेर देतो आणि वरण-भात नसला तरी काही न बोलता निघतो.

माझा धंदा गणित शिकवण्याचा. इथल्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे शाळेतच, नववी-दहावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हिंदीतून रेषीय समीकरणं शिकवली. त्यातही माझा आवडता धडा अंतर आणि वेळ यांचा. कुणी एका वेगानं चालत असेल तर त्याचा सगळा प्रवास एका सरळ रेषेत मावतो, ही गोष्ट मला अजूनही फार सभ्य वाटते. रेषा जितकी उभी, तितका चालणारा वेगवान. रेषा आडवी झाली, तर घड्याळ चाललंय आणि माणूस जागच्या जागी आहे. मुलांना हे पाच मिनिटांत समजतं. पुढचं सगळं आयुष्य ती मुलं वेळ न पाळता काढतात, तो भाग वेगळा.

हे गणित माझ्याकडून सर्वांत नीट कुणी शिकलं असेल तर माझ्या भाचीनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या एकुलत्या एक मुलीनं. ती लहान असताना मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं रेषा काढायचो आणि बहीण पोळ्या लाटता लाटता ओरडायची की पुसायचं कुणी. दोन गाड्या समोरासमोरून येत असतील तर दोघींच्या वेगांची बेरीज करायची, हे भाचीला इतकं आवडलं होतं की ती घरात चालतानाही समोरून येणाऱ्याला थांबवून विचारायची, आपण कुठे भेटणार सांगा. पुढे ती बँकेत लागली. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा बरा होता. हसरा होता, मला भेटला की वाकून नमस्कार करायचा, आणि दर भेटीला उशिरा यायचा.

त्यांचं घर ललितपूरकडचं, मोठा गोतावळा, रात्री लग्न करणारं. आमचं लग्न गोरज मुहूर्ताचं. बोलणी चांगलीच लांबली आणि शेवटी तोडगा निघाला. सूर्य मावळताना आमच्या पद्धतीनं अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची. मग रात्री त्यांचे फेरे, त्यांची जयमाला, त्यांना हवं ते. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "मास्साब, आपका मुहूर्त हमाए सर-माथे पे।" मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण बहीण माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की मी चहा घेतला.

कारण सगळा प्रश्न बहिणीचा होता. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधून जेमतेम तासभर बसायची परवानगी दिली होती, वर दटावूनही ठेवलं होतं. लग्न पुढे ढकलू म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. "मला बाकी काही नको," ती म्हणाली. "फेरे नकोत, विहिणींची पंगत नको. माझ्या पोरीचा अंतरपाट पडताना मला बघायचाय. मग मला कुठेही नेऊन टाका." एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. मेहुणे माझ्याकडे बघू लागले. ते अतिशय भले आणि अडचणीच्या वेळी अतिशय निरुपयोगी गृहस्थ आहेत.

अडचण अशी होती. बहिणीचं घर सीपरी बाजाराच्या मागच्या गल्लीत, लग्नाचं कार्यालय नगऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि मुलाकडच्यांचा जानवसा बाजारातल्याच एका धर्मशाळेत. म्हणजे बहिणीला गाडीत आडवं घालून ज्या रस्त्यानं न्यायचं, त्याच रस्त्यानं वरात येणार. एकदा वरात रस्त्यावर उतरली की गाडी तिच्यामागे अडकलीच म्हणून समजा. तेव्हा तिला वरातीच्या पुढे काढायला हवं होतं. पण फार आधी नेली तर तिचा तासभर वाट बघण्यातच संपणार. कार्यालयातल्या खोल्या वर, जिना उभा, खाली आडवं व्हायला जागा नाही. "वरात दारात कधी येईल ते तू सांग," बहीण मला म्हणाली. "तू गणिताचा मास्तर ना? मग सांग."

आणि मी सांगितलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, वरातीची वेळ समीकरण मांडून काढण्याचा उद्योग झाशीतला मराठी माणूसच करू जाणे. आम्हाला मुहूर्तही हवा असतो आणि शेजाऱ्यांसारखा थाटही, आणि दोन्हींचा मेळ कागदावर बसेल असा आमचा विश्वास असतो. त्या आठवड्यात सीपरी बाजारातून जेवढ्या वराती निघाल्या तेवढ्या मी एका चहाच्या टपरीवर उभं राहून बघितल्या. विजेच्या खांबांवरून अंतर धरलं, मनगटावरच्या घड्याळावरून वेळ. माझ्या तरुणपणी मी प्रेमातही कुणाची इतकी वाट बघितली नव्हती. नाचणारे थांबतात, पुढे सरकतात, पुन्हा थांबतात, पण सगळं मिळून पाहिलं तर वेग साधारण तासाला दोन किलोमीटर पडत होता. म्हातारी माणसं भाजी घेऊन याच्या दुप्पट वेगानं जातात. त्यात निघायचा उशीर मिळवायचा. फेटा बांधणं, घोडीची पूजा, वहिनींनी नवरदेवाच्या डोळ्यांत काजळ घालणं, रुसलेल्या फुफाजींची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, समजूत. या सगळ्याला मी अर्धा तास दिला. पोचायची वेळ म्हणजे कबूल केलेली निघायची वेळ, अधिक हा अर्धा तास, अधिक अंतराला वेगानं भागून येईल ते. दीड किलोमीटरचा रस्ता. साडेचारला निघतो म्हणाले होते. उत्तर आलं पावणेसहा. मुहूर्त सहानंतर घटकाभर होता. भाचीनं माझ्याकडून सगळं समजून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "मामा, बढिया. फक्त तुम्ही वेग कायम धरलाय."

"सरासरी धरलीय," मी म्हणालो.

"सरासरी तुमच्या वरातींची. याच्या दोस्तांची नाही."

लग्नाच्या दिवशी मेहुण्यांनी बहिणीला मी सांगितल्याप्रमाणे सव्वापाचला गाडीतून आणलं आणि बोहल्यासमोर पाठीला उशा लावून खुर्चीत बसवलं. हिरवं लुगडं, नथ, आणि त्याखाली तो कातडी पट्टा. ती मंडपभर नजर फिरवत होती, आल्यागेल्याशी बोलत होती, पण एक हात खुर्चीच्या दांड्यावर असा घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती. मी जानवशाकडून येणाऱ्या बातम्या फोनवर घेत होतो. साडेपाचला कळलं की वरात आत्ताच निघाली. पावणेसहाला ती पहिल्या चौकात होती. सहाला पण ती पहिल्या चौकातच होती. जानवशापासून चौक किती लांब, तर आतून हाक मारली तर बाहेर ऐकू येईल एवढा.

मी मुलाच्या वडिलांना फोन लावला. मागे डीजे इतका होता की माझ्या कानातला मळ हलला असेल. मी ओरडून सांगितलं की मुहूर्त टळतोय, आणि बहिणीला बसवत नाहीये. ते दिलखुलास हसले. "अरे मास्साब, बारात है, रेलगाड़ी थोड़ी है! लड़कों का जी भर जान दो, अब्बई आए।" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसांना कुणाचं दुखणं सांगितलं तरी ते त्यावर ताल धरतील असं मला वाटलं, आणि फोन बंद करून मी तिथेच दोन मिनिटं शिव्या पुटपुटत उभा राहिलो. मराठीत, कारण हिंदीत त्या कमी पडत होत्या.

मागे वळलो तर भाची उभी होती. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, हातात हार. बोहल्यावर मुलीला आणायचा मान मामाचा, म्हणून मी तिला आणायला जाणारच होतो. त्याआधी तीच आली. तिनं आधी आईकडे बघितलं. आई हसत होती, पण चेहरा राखेसारखा झाला होता.

"मामा, त्यांचा वेग दोन, माझा चार धरा," ती म्हणाली. "मधे दीड किलोमीटर. बेरीज सहा. पंधरा मिनिटांत भेटतो. चला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी नाही म्हणालो. आजूबाजूच्या काकवा तर नाही म्हणण्यासाठी जन्मालाच आल्या होत्या. नवरी रस्त्यावर? मुलीनं मुलाला आणायला जायचं? लोक काय म्हणतील? मेहुण्यांनी रुमाल काढून नुसताच हातात धरला. तेवढ्यात बहीण खुर्चीतून बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सीमांतपूजन म्हणा आणि जा. पूर्वी मुलीकडचेच जायचे वेशीपर्यंत. मला गाडीत घाला. मीही येते."

गुरुजी पुढच्या सीटवर अक्षतांची पिशवी आणि अंतरपाट घेऊन बसले, मागे बहीण उशांवर, गाडी मेहुणे चालवणार. भाची आणि मी पायी निघालो. वरातीमुळे रस्ता तुंबलेला होता, त्यामुळे गाडी आमच्यामागे गोगलगाईसारखी येत होती. मी तिचा हात धरला होता. ऑटोवाले वाकून बघत होते, दुचाकीवरची पोरं मोबाइल काढत होती. कुणीतरी शिटी वाजवली. रस्त्याच्या कडेला नालीचं काळं पाणी फुटून आलं होतं आणि भाचीनं पिवळा काठ मुठीत धरून ते ओलांडलं. मला सगळ्यांचीच किळस आली. बघणाऱ्यांची, हॉर्न वाजवणाऱ्यांची, त्या पाण्याची, आणि नवरीच्या वेषातल्या पोरीला अशी चालायला लावणाऱ्या त्या नाचऱ्यांची. ती मात्र ताड ताड चालत होती. वेग चारच्या वर होता.

बाजाराकडे जाताना मिठाईच्या दुकानाचं एक वळण लागतं. माझ्या हिशोबानं आमची भेट तिथे होणार होती. आम्ही चार वेगानं, ते दोन वेगानं असं कितीही घोळलं तरी उत्तर त्या वळणावरच येत होतं. आम्ही तिथे पोचलो. वळणावर कुणीही नव्हतं. दुकानाबाहेर टाकलेले द्रोण एक कुत्रं चाटत होतं. डीजे अजून लांबून येत होता, आधी होता तितकाच लांबून.

भाची थांबली. तिनं वळणापलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसा राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलीला आपलं उत्तर चुकलंय हे मास्तरांच्या आधी समजावं, तसं काहीतरी होतं. तिनं पुन्हा काठ मुठीत धरला आणि चालायला लागली.

वरात पहिल्या चौकातच होती. आम्हाला बघून आधी नाचणाऱ्यांनी जल्लोष केला. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. मुलाचे वडील दोन्ही हात पसरून आले, तोंड पानानं लाल. "लेओ! बहू तो खुदई लेबे आ गई!" मोबाइल वर झाले. डीजेवाल्यानं आवाज वाढवला. दोघी-तिघी पुढे होऊन भाचीच्या कमरेला धरून तिला नाचायला ओढू लागल्या. घोडीवर नवरदेव बसला होता, कपाळावर सेहरा, हसरा, घामानं चिंब. त्यानं भाचीकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली. दो मिनट.

मी घोडीजवळ जाऊन त्याला खाली उतरायला सांगितलं. तो ओशाळून वडिलांकडे बघू लागला. वडिलांनी मान हलवली. नवरदेव दारात पोचण्याआधी घोडीवरून उतरत नसतो. उतरला तर अपशकुन, असं चार-पाच जणांनी एकदम सांगितलं. आमच्या पद्धतीचा मुहूर्त टळला तर चालणार होता. त्यांच्या पद्धतीची घोडी मात्र टळून चालणार नव्हती. "बेटा, दोन मिनिटं उतर," मी म्हणालो. माझा आवाज विनवणीचा झाला होता. तो म्हणाला, "मामाजी, मैं तो उतर जाऊँ, पर ये लोग…" आणि पुढचं वाक्य त्यानं डीजेवर सोपवलं.

गाडी आमच्यामागे येऊन थांबली. मेहुण्यांनी मागचं दार उघडलं. बहीण कोपरावर रेटून जेवढं उठता येईल तेवढं उठली. गुरुजींनी घड्याळ बघितलं, पश्चिमेकडे बघितलं आणि घाईनं अंतरपाट उलगडला. आता पाट धरायचा कुठे? वर घोडीवर मुलगा, खाली रस्त्यावर मुलगी. कुणीतरी उसाच्या रसाच्या गाड्यावरून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. निळं, एक पाय तिरका झालेलं, वर चिकट. मी ते लाथेनं उडवणार होतो. भाचीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती स्टुलावर चढली.

मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. गुरुजींचे ओठ हलताना दिसत होते. डीजेवाल्याला मी हात जोडून थांबवलं तेव्हा शेवटची ओळ उरली होती. मग मागे येऊन मी स्टूल दोन्ही हातांनी दाबून धरलं, कारण ते डुगडुगत होतं. मामाचा मान मला असा मिळाला. अंतरपाट पडला, हार पडले, घोडीनं मान झटकली, आणि वरच्या झुंबरांच्या उजेडात मला गाडीतली बहीण दिसली. ती दोन्ही हातांनी अक्षता टाकत होती. त्या आमच्यापर्यंत पोचत नव्हत्या, दाराबाहेर रस्त्यावर पडत होत्या. ती रडत होती आणि इतकी खूष मी तिला कधीच पाहिलेली नव्हती.

मेहुण्यांनी तिथूनच तिला घरी नेलं. वरात त्यानंतर चांगले दोन तास नाचत राहिली आणि नवरदेव शेवटी कार्यालयाच्या दारात विधिपूर्वक घोडीवरून उतरला. मी जेवलो नाही.

पुढे ही गोष्ट बडा बाजारातल्या आमच्या नातेवाइकांत खूप रंगली. दोघं कसे अर्ध्या वाटेत भेटले, मुलीनं चार पावलं टाकली आणि मुलानं चार, असं होत होत त्याची छान कहाणी झाली. त्यांच्याकडचेही तसंच सांगतात. बहीण सर्वांत जास्त सांगते. ती आता बरीच हिंडती-फिरती झाली आहे, आणि कुणी घरी आलं की पाणी देण्याआधी अंतरपाटाची गोष्ट देते. मला ते "अर्ध्या वाटेत" अजूनही ऐकवत नाही. चौक आणि जानवसा यांच्यातलं अंतर मी ओळखून आहे.

परवा दिवाळीत भाची आली. एकटीच आली. तो पुढच्या गाडीनं येणार होता. बहीण स्वयंपाकघरातून एका शेजारणीला तीच गोष्ट सांगत होती आणि आम्ही दोघं बाहेर टेबलाशी चहा घेत बसलो होतो. अर्ध्या वाटेचं आलं तेव्हा भाचीनं सांडलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलाच्या पत्र्यावर एक रेषा काढली, तिरपी, चांगली उभी. मग तिला येऊन मिळणारी दुसरी. दुसरी अगदी आडवी होती.

"दोन रेषा एकमेकींना छेदल्या म्हणजे उत्तर आलंच ना, मामा?"

"आलं," मी म्हणालो.

"मग झालं." तिनं तळहातानं पाणी पुसलं आणि स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. "आईला यातलं काही सांगू नका."